आदिवासी गावातल्या पर्यटनाला शिक्का कुणाचा?

वाचकाचे पत्र: मी नागपूरला मानेवाडा भागात राहते. गेल्या चार वर्षांपासून शनिवार-रविवारी शहरातील कुटुंबांना पेंचच्या बाजूला, पारशिवनी तालुक्यातील एका गोंड गावात घेऊन जाते. मी स्वतः आदिवासी नाही. गावातील दोन घरांत जेवण असते, रात्री मुक्काम आणि नृत्य होते, सकाळी गावाबाहेरच्या पेनठाण्यापर्यंत (गोंडांच्या देवस्थानापर्यंत) फेरफटका असतो. माणशी २,८०० रुपये घेते आणि त्यांतील ५५० गावात देते. आता एका परदेशी सहल कंपनीने विचारले आहे की, आदिवासी संस्कृतीचा आदर राखणारा व शाश्वत व्यवसाय असल्याचे प्रमाणपत्र तुमच्याकडे आहे का. एक सल्लागार ८५,००० रुपयांत सहा आठवड्यांत ते मिळवून देतो म्हणतो. गावात हे सांगितले तेव्हा भूमक (गावाचे पुजारी) एवढेच म्हणाले, की आम्हाला तर कुणी काही विचारले नाही. प्रमाणपत्र घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न दोन असले तरी मला उत्तर सुरू करावेसे वाटते ते भूमकांच्या वाक्यापासून, कारण जगात या प्रकारची जी काही विश्वासार्ह प्रमाणपत्रे आहेत त्या सर्वांच्या मुळाशी त्यांनी विचारलेलाच मुद्दा आहे. म्हणून आधी थोडक्यात सांगते: ते ८५,००० रुपये आज देऊ नका. प्रमाणपत्र कधीच घेऊ नका असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या गोष्टीची तपासणी व्हायची आहे ती गोष्ट, म्हणजे गावाची विचारपूर्वक दिलेली संमती आणि गावाने घातलेल्या अटी, तुमच्याकडे अजून कागदावर नाही, आणि ती नसताना मिळालेला शिक्का तुमच्या माहितीपत्रकावर शोभेल, गावात मात्र त्याला काही अर्थ राहणार नाही.

परदेशी कंपनी ज्या अर्थाने हा प्रश्न विचारते तो समजून घेण्यासाठी तिकडची पद्धत माहीत असणे उपयोगाचे आहे. ऑस्ट्रेलियात ‘रिस्पेक्टिंग अवर कल्चर’ नावाची प्रमाणन योजना आहे आणि ती ‘इकोटुरिझम ऑस्ट्रेलिया’ ही संस्था चालवते. त्या भूमीचे परंपरागत रक्षक तेथील मूळ रहिवासी आहेत हे मान्य करणे, सांस्कृतिक अस्सलपणा जपणे, व्यवसाय नीट चालवणे आणि पर्यावरण राखणे या गोष्टी तीत पाहिल्या जातात. कॅनडातील आदिवासी पर्यटन संघटनेने २०२१ मध्ये ‘द ओरिजिनल ओरिजिनल’ हे चिन्ह आणले, आणि त्याची एक अट अगदी स्पष्ट आहे: व्यवसायाची किमान ५१ टक्के मालकी आदिवासींची असली पाहिजे. या अटीत तुमचा व्यवसाय बसत नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तुम्ही आदिवासी व्यवसायाच्या मालक नसून आदिवासी गावात पाहुणे नेणाऱ्या संयोजक आहात. या दोन भूमिकांसाठी कसोट्या वेगळ्या असतात, आणि सल्लागाराने तुम्हाला हा फरक सांगितलेला दिसत नाही.

संयोजकांसाठी आणि निवासव्यवस्थेसाठी जे निकष जगभर आधारभूत मानले जातात ते ‘ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल’चे. ही परिषद स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ती निकष ठरवते आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना अधिस्वीकृती देते. यात एक बारीक मेख आहे: एखाद्या संस्थेची नियमावली परिषदेच्या निकषांशी जुळते म्हणून तिला मिळालेली मान्यता, आणि त्या संस्थेची तपासणी करण्याची रीतच परिषदेने पडताळून दिलेली अधिस्वीकृती, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि माहितीपत्रकांत त्यांची सर्रास सरमिसळ केली जाते. तुमच्या सल्लागाराला पहिला प्रश्न हाच विचारा, आणि उत्तर लेखी मागा. याच निकषांत आदिवासी समाजांच्या भेटींविषयी जे कलम आहे त्यात राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय सत्प्रथांबरोबर ‘स्थानिक पातळीवर सहमतीने ठरलेल्या मार्गदर्शक सूचना’ पाळाव्यात असे म्हटले आहे. तुमच्या गावात अशा सूचना ठरलेल्याच नसतील तर बाहेरून आलेला तपासनीस त्या कशाशी ताडून पाहणार? सहा आठवड्यांत हे होणे मला तरी अशक्य वाटते.

आपल्याकडे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०१४ मध्ये शाश्वत पर्यटनाचे भारतीय निकष जाहीर केले, आणि ते निवासव्यवस्था व सहल संयोजक यांना लागू करता येतात. वन्यजीव पर्यटनातील निवासांसाठी ‘टॉफ्टायगर्स’ या संस्थेचे ‘पग’ हे मानांकन आहे. मध्य भारतातील व्याघ्र प्रकल्पांभोवतालच्या निवासांना ते ठाऊक असते. यांतील एकही प्रमाणपत्र मुख्यतः आदिवासी संस्कृतीच्या सन्मानाचे नाही, त्यामुळे पाणी, कचरा, स्थानिक रोजगार यांबद्दल मिळालेले मानांकन संस्कृतीबद्दलचे म्हणून मिरवता येणार नाही. शिवाय परदेशी अर्जांत जो मूळ रहिवासी या अर्थाचा शब्द असतो त्याला आपल्या कायद्यात थेट जोड नाही. राज्यघटनेतील शब्द ‘अनुसूचित जमाती’ हा आहे, तेव्हा अर्जात तोच लिहून खाली एका ओळीत खुलासा करावा.

शिक्का चांगला कसा असतो याचे उदाहरण तुमच्या वाटेवरच आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ (रात्रीचा अंधार जपणारे उद्यान) म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि ती मिळवणारा तो भारतातील पहिला. त्यासाठी सिल्लारी, वाघोडा अशा गावांतील रस्त्यांचे दिवे खाली झुकलेले, आकाशात उजेड न फेकणारे लावावे लागले. मान्यता मिळाली म्हणून काम संपले असे नाही, दर वर्षी अहवाल द्यावा लागतो. म्हणजे काय मोजायचे ते ठरलेले, ज्यांच्या दारात दिवे आहेत ती गावे कामात सामील, आणि हिशेब दर वर्षी द्यायचा. (तुमच्या नृत्याच्या कार्यक्रमाला दोन मोठे झोतदिवे लावले जातात असे तुम्ही पत्रात पुढे लिहिले आहे. पेंचच्या कडेला बसून ते करणे मला विसंगत वाटते. शेकोटीच्या उजेडात नृत्य दिसत नाही अशी तक्रार पाहुणे करत असतील तर त्यांना थोडा वेळ डोळे अंधाराला सरावू द्यावेत.)

आता मुख्य मुद्दा, संमतीचा. संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, भारताने त्याच्या बाजूने मत दिले, आणि त्यातील कळीचा शब्दप्रयोग आहे तो दबावाविना, काम सुरू होण्यापूर्वी आणि सर्व माहिती मिळाल्यावर दिलेल्या संमतीचा. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे लाराकिया लोकांच्या भूमीवर भरलेल्या परिषदेत आदिवासी पर्यटनाविषयी जो लाराकिया जाहीरनामा झाला त्याचेही सार हेच होते, की पर्यटनात किती आणि कसे उतरायचे ते आदिवासी समाज स्वतः ठरवील. हे वाचायला सोपे आहे. पारशिवनी तालुक्यात ते कसे करायचे, हा खरा प्रश्न.

पुष्कळ जण येथे पेसा, म्हणजे पंचायत राज अनुसूचित क्षेत्रांत (आदिवासीबहुल म्हणून अधिकृतपणे जाहीर झालेल्या भागांत) लागू करणाऱ्या कायद्याचे नाव घेतात. १९९६ चा तो कायदा रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम असल्याचे सांगतो हे खरे. पण तो अनुसूचित क्षेत्रापुरता आहे, आणि नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. उद्या तुम्ही मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याला किंवा भामरागडला सहली नेल्या तर पेसा लागू होईल, पेंचच्या बाजूला होणार नाही. एखाद्या सल्लागाराने नागपूर जिल्ह्यातील गावासाठी पेसाचा ठराव तयार करून दिला तर त्याने कायदा वाचलेला नाही असे खुशाल समजावे. वनहक्क कायदा, २००६, मात्र अशी मर्यादा मानत नाही. त्यात जैवविविधतेशी आणि सांस्कृतिक वैविध्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य केलेला आहे, आणि जेथे वनहक्कधारक आहेत तेथे आपल्या सांस्कृतिक व नैसर्गिक वारशाला बाधा आणणाऱ्या गोष्टी रोखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. तुमच्या गावात वैयक्तिक किंवा सामूहिक दावे मंजूर झाले आहेत का, हे आधी विचारून घ्या.

ग्रामसभा म्हणजे सरपंचांची सही नव्हे. अनेकदा चार-पाच गावांची मिळून एक ग्रामपंचायत असते, तिचे सरपंच भलत्याच गावचे असू शकतात, आणि त्यांनी लेटरहेडवर दिलेले ‘ना हरकत’ पत्र ज्या टोल्यात (वस्तीत) तुमचे पाहुणे उतरतात त्या टोल्याची संमती ठरत नाही. वनहक्काच्या नियमांत ग्रामसभेसाठी निम्म्या सदस्यांची गणपूर्ती आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश महिला अशी अट आहे. पर्यटनाच्या ठरावावर ती बंधनकारक असो वा नसो, तुम्ही तीच मोजपट्टी धरा. महिलांचा मुद्दा तर विशेषच, कारण पन्नास पाहुण्यांचा स्वयंपाक, पाणी भरणे आणि सकाळची झाडलोट त्यांच्याच वाट्याला येते, तर ‘हो’ मात्र बहुतेक वेळा ओट्यावर बसलेले पुरुष म्हणतात. गावाला हे झेपेल का, अशी शंका कोणी काढली तर गडचिरोलीतील मेंढा-लेखाकडे बोट दाखवावे. त्या गोंड गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवला, आणि तेथील निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात.

ठरावात काय असावे हे मी सांगणे तसे अनुचित, तरी गावापुढे कोणते प्रश्न ठेवावेत ते सांगू शकते. त्यांतील सर्वांत नाजूक प्रश्न पेनठाण्याचा. तुम्ही त्याला ‘देवस्थानापर्यंतचा निसर्गफेरा’ असे नाव दिले आहे. पेन म्हणजे देव, आणि ठाणा ही त्याची जागा. तेथे कोणी, केव्हा, कोणत्या दिवसांत जावे याचे नियम गावाला ठाऊक असतात, आणि ते बाहेरच्यांना सांगितलेच पाहिजेत असे नाही. गावाने कारण न देता ‘तिकडे नको’ म्हटले तर तेवढे पुरे समजावे. सालेकसा तालुक्यातील कचारगडला माघ पौर्णिमेला दूरदूरचा गोंड समाज जमतो, तेथे बाहेरचा माणूसही जाऊ शकतो. परंतु यात्रेला जाणे वेगळे आणि एका टोल्याच्या ठाण्यावर दर रविवारी सकाळी साडेसातला कॅमेरे घेऊन पोहोचणे वेगळे.

नृत्याचेही तसेच. दंडार, ढेमसा हे प्रकार आपापल्या सणांशी, हंगामांशी जोडलेले आहेत. उद्या कोणी मार्च महिन्यात पाहुण्यांच्या सोयीसाठी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी आपली पिवळी मारबत काढा आणि रात्री नऊपर्यंत जाळून मोकळे व्हा म्हणाले, तर आपण नागपूरकर काय उत्तर देऊ? म्हणून गावकऱ्यांनाच विचारा की कोणते नृत्य केव्हाही करता येते, कोणते फक्त त्या त्या दिवशी, आणि कोणते पाहुण्यांपुढे करूच नये. शेवटच्या यादीतील नावेही तुम्हाला कळली नाहीत तरी चालतील. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तर नृत्य आणि मुक्काम सरळ बंदच ठेवावा. गुडघ्यापर्यंत चिखलात दिवस काढलेल्या बायकांनी संध्याकाळी तुमच्यासाठी नटावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला अनेक वर्षांपासून खटकते. काही काळ मी एका प्रवास कंपनीसाठी निवासस्थाने तपासण्याचे काम करत असे, तेव्हा जंगलाकडेच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये ‘आदिवासी दालन’ म्हणून जे दाखवले गेले त्याच्या भिंतीवर वारली चित्रे होती. वारली पालघरचे, येथून आठशे-नऊशे किलोमीटरवरचे. भोवतालची सगळी गावे गोंडांची, आणि त्यांतील एकाही माणसाला त्या भिंतीबद्दल कोणी विचारले नव्हते. व्यवस्थापक म्हणाले, पाहुण्यांना तेच ओळखीचे वाटते. माझ्या तपासणीच्या तक्त्यात ‘स्थानिक कलेचा वापर’ या रकान्यासमोर खूण करण्यापुरतीच जागा होती, आणि मी ती खूण केली, हेही येथे कबूल करते. तुमच्या माहितीपत्रकात ‘आदिवासी पाड्यावरची एक रात्र’ असे आहे. पाडा हाही तिकडचाच शब्द. आपल्याकडे टोला म्हणतात, काही ठिकाणी गुडा. गावाचे लोक स्वतःच्या वस्तीला काय म्हणतात, ते विचारून तेच छापा.

पैशांबद्दल तुम्ही मोकळेपणाने आकडे दिलेत याचे मला कौतुक आहे, कारण बहुतेक जण देत नाहीत. २,८०० पैकी ५५० म्हणजे रुपयातील वीस पैसेही पूर्ण होत नाहीत. गाडीभाडे, डिझेल, जाहिरात, तुमचा वेळ हे सगळे मला मान्य आहे. पण नागपुरातून सोबत येणाऱ्या वाटाड्याला तुम्ही माणशी किती देता, आणि तेच काम गावातील मुलाने का करू नये, याचा विचार व्हावा. कुटकीचा भात, बांबूचे वास्ते (कोवळे कोंब), मोहफुलांचा पदार्थ यांची किंमत घरातील बाईने ठरवावी, तुम्ही नाही. दोनच घरांना पैसे मिळतात आणि ठाणा, वाट, विहीर मात्र सगळ्या गावाची वापरली जाते, म्हणून माणशी ठरावीक रक्कम ग्रामसभेच्या खात्यात जावी आणि तिचा हिशेब सभेत वाचला जावा. गावातील एखाद्या कुटुंबाला स्वतः खोल्या बांधायच्या असतील तर ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियाना’त आदिवासी भागांत १,००० होमस्टे उभारण्याची तरतूद आहे, दोन नव्या खोल्यांसाठी ५ लाखांपर्यंत आणि असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी ३ लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते. ते साहाय्य कुटुंबासाठी आहे, संयोजकासाठी नाही. गावातच मुक्कामाची स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली तर तुमचा वाटा घटेल, हे मी जाणते. तरीही ही माहिती गावात तुम्हीच द्यावी असे मला वाटते.

मोहाच्या दारूबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, पण पाहुणे मागतात हे मला माहीत आहे. घरात गाळलेली दारू पाहुण्यांना विकणे हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. धाड पडली तर तुमचे पाहुणे गाडीत बसून सीताबर्डीला परत येतात आणि खटला चालतो तो त्या घरातील माणसावर. हे कलम ठरावात असो वा नसो, तुमच्या नियमात असलेच पाहिजे. पाणी आणि कचरा यांसाठी फार लिहीत नाही: उन्हाळ्यात विहिरीची पातळी पाहून पाहुण्यांची संख्या गावाने ठरवावी, आणि तुम्ही नेलेले प्लास्टिक तुमच्याच गाडीतून परत यावे.

या सगळ्यात केवळ परवानगी आणि कागद यांच्या भरवशावर राहू नये, हे सांगताना मला अंदमानची आठवण होते. तेथील जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव क्षेत्रातून जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या पोलिसांच्या बंदोबस्तात, रीतसर ताफ्याने जात असत. आणि २०१२ च्या जानेवारीत त्याच रस्त्यावर जारवा बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत जगाने पाहिली. त्या रस्त्यावरून जाण्याची परवानगी सर्वांकडे होती. जारवांना विचारलेले नव्हते.

तेव्हा परदेशी कंपनीला सरळ कळवा की आजमितीस असे प्रमाणपत्र आमच्याकडे नाही. गावाच्या ग्रामसभेशी बोलणी सुरू आहेत, ठराव झाला तर त्याची प्रत, त्यातील अटी आणि गावाला मिळणाऱ्या रकमेचा तपशील आम्ही पाठवू, आणि ठराव झाला नाही तर तेही कळवू. ज्या कंपनीला खरोखर आस्था आहे ती याला नकार देणार नाही, असा माझा अनुभव आहे. ठराव एका वर्षापुरता ठेवा आणि तो केव्हाही मागे घेण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहून घ्या. एक हंगाम तसा गेला की मग अधिस्वीकृत संस्थेकडे अर्ज करा, आणि त्यांच्या तपासनिसाने गावात एक रात्र राहून, तुम्ही शेजारी नसताना, बायकांशी बोलावे अशी अट तुम्हीच घाला. शुल्क किती वर्षांसाठी आहे, फेरतपासणी केव्हा होते, तक्रार आली तर प्रमाणपत्र कोण रद्द करते आणि तक्रार गावकऱ्यांना मराठीत किंवा गोंडीत करता येते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा.

पत्रासोबत आलेले माहितीपत्रक परत पाठवत आहे. मुखपृष्ठावर डोक्यावर पानांचा मुकुट घातलेली जी आठ-नऊ वर्षांची मुलगी आहे, तिच्या आईबापांना हे छायाचित्र छापल्याचे ठाऊक आहे का, ते पुढच्या शनिवारी जाल तेव्हा विचारा, आणि तोवर उरलेल्या प्रती वाटू नका.